लक्षाचं देणं

'लक्ष कुठे आहे तुझं?' हा प्रश्न ऐकला नाही असा शाळेत गेलेला मराठी माणूस सापडणं कठीण. हा प्रश्न असला तरी त्याचं उत्तर कुणालाच नको असतं. 'खिडकीबाहेर साळुंकी बसलीये, तिच्याकडे' हे खरं उत्तर दिलं तर तो उद्धटपणा होतो. 'इथेच आहे' असं म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार असतो, 'मग सांग, मी आत्ता काय म्हणाले?' मान खाली घालून उभं राहणं हे त्यातल्या त्यात सुरक्षित.

मराठीत लक्ष 'देतात'. आणि 'देणं' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, आपणहून हातावर ठेवलेली वस्तू. दुसरा, डोक्यावर असलेलं कर्ज. वर्गातल्या मुलाचं लक्ष यातलं नेमकं कुठलं देणं आहे? ते त्यानं शाळेला चुकवायचं कर्ज असेल तर ते त्यानं कधी आणि कशाच्या बदल्यात घेतलं? आणि कर्ज नसेल, तर ते आपण इतक्या हक्कानं, वसुलीला आल्यासारखे का मागतो?

हे प्रश्न शिक्षकांनी सोडवायचे आहेत, माझ्यासारख्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईनं त्यात का पडावं, असं कुणी म्हणेल. पण आता माझ्याच क्षेत्रातले लोक मुलांचं लक्ष मोजायची यंत्रं बनवू आणि विकू लागले आहेत. तेव्हा हा हिशेब आम्हालाही करावा लागणार.

वर्गातला वेळ मोजण्याची कल्पना मुळात वाईट नव्हती. १९६३ साली जॉन कॅरल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 'टीचर्स कॉलेज रेकॉर्ड' या नियतकालिकात शालेय शिक्षणाचं एक प्रारूप मांडलं. ते जवळजवळ एका अपूर्णांकात मावतं. वर प्रत्यक्ष खर्च झालेला वेळ, खाली त्या मुलाला लागणारा वेळ. भागाकार जितका एकच्या जवळ, तितकं शिकणं पूर्ण. यातली क्रांती खालच्या आकड्यात आहे. तोवर मुलं 'हुशार' आणि 'ढ' अशी विभागली जात. कॅरलनं ती 'कमी वेळ लागणारी' आणि 'जास्त वेळ लागणारी' अशी मांडली. शिवाय शिकवणं चांगलं नसेल तर हा लागणारा वेळ वाढतो, हेही त्याच्या मांडणीत होतं.

वरचा आकडा एखाद्या प्रोग्रॅमरला लगेच ओळखीचा वाटेल. खर्च झालेला वेळ म्हणजे शाळेनं उपलब्ध करून दिलेला वेळ आणि मूल चिकाटीनं द्यायला तयार असलेला वेळ, यांतला जो लहान असेल तो. समजा एखाद्या मुलीला अपूर्णांकांची बेरीज समजायला ५० मिनिटं लागतात. ती ६० मिनिटं बसायला तयार आहे. पण शाळेनं त्या धड्याला २० मिनिटं दिली. मग खर्च होणार २०. तिची चिकाटी दुप्पट केली तरी उत्तर बदलत नाही. अशा वेळी तिला 'लक्ष दे' म्हणणं म्हणजे ज्या चलाचा निकालावर परिणामच होत नाही तेच फिरवत बसणं.

पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात प्राथमिक वर्गांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातून वर्गातल्या वेळेचे तीन थर पुढे आले. वेळापत्रकात एखाद्या विषयाला दिलेला वेळ हा पहिला. त्यातला मूल खरोखर कामात असलेला वेळ हा दुसरा. आणि त्यातलाही, मूल ज्या कामात बहुतांशी यशस्वी होतंय अशा कामात गेलेला वेळ हा तिसरा. शिकण्याशी जवळचं नातं या तिसऱ्याचं. म्हणजे नुसतं कामात असणं पुरत नाही, काम हाताला लागेल इतकं जवळही असावं लागतं. आणि ते किती जवळ ठेवायचं हे मूल ठरवत नाही.

ज्यानं अभियांत्रिकी केलं आहे त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातला फरक समजवावा लागत नाही. सबमिशनचा आठवडा आठवावा. अख्खं हॉस्टेल रात्र-रात्र जागं, माना खाली, पेन थांबत नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. त्या वेळी एखादा निरीक्षक आला असता तर त्यानं शंभर टक्के एकाग्रतेची नोंद केली असती. आणि चाललेलं काय असे? वरच्या वर्षाची फाईल समोर ठेवून जर्नल उतरवणं, रीडिंग आणि आकृत्यांसकट. दुसरीकडे ७५ टक्के हजेरीची अट आणि तिच्यावरचा देशव्यापी तोडगा, प्रॉक्सी. शरीर, वेळ आणि लक्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या शिक्षणव्यवस्थेनं कुठल्याही तत्त्वज्ञापेक्षा स्वच्छ शिकवलं.

आता यंत्रांकडे येते. २०१८ साली चीनमधल्या हांगझोऊ शहरातल्या एका माध्यमिक शाळेच्या वर्गात कॅमेरे बसवल्याची बातमी जगभर गाजली. दर काही सेकंदांनी ते मुलांचे चेहरे टिपत आणि आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, चकित अशा खणांत टाकत. २०१९ मध्ये चीनमध्येच एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारे पट्टे बांधले गेले. लक्ष आहे की नाही ते पट्ट्यावरच्या दिव्याच्या रंगावरून कळणार. लोकांनी आरडाओरडा केल्यावर तो वापर थांबला. आपल्याकडे त्याच वर्षी दिल्ली सरकारनं शाळांच्या वर्गांत कॅमेरे बसवून पालकांना मोबाईलवर वर्ग पाहण्याची सोय करायला सुरुवात केली. युरोपीय संघानं मात्र शाळेत आणि कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ताडणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, बंदी घातली. ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली.

अशा यंत्राबद्दल 'ते चुकलं तर?' असं लोक विचारतात. मला ते बरोबर चालण्याची जास्त काळजी वाटते. ही यंत्रं शिकतात कशी? हजारो चेहऱ्यांची चित्रं घेतात, आणि पगारी माणसं प्रत्येक चित्राला 'लक्ष आहे', 'लक्ष नाही' अशी चिठ्ठी चिकटवतात. यंत्र त्या चिठ्ठ्यांतला आकृतिबंध शोधतं. म्हणजे ते लक्ष कधी पाहतच नाही. लक्ष देणारा चेहरा कसा दिसतो याबद्दलचं चिठ्ठी चिकटवणाऱ्याचं मत ते पाठ करतं. मग मुलं काय शिकणार? तो चेहरा करायला शिकणार. फ्रेंच विचारवंत सिमोन वेलनं शालेय अभ्यासावरच्या १९४२ च्या निबंधात हे फार आधी टिपून ठेवलं आहे. 'लक्ष द्या' म्हटलं की मुलं कपाळाला आठ्या घालतात, श्वास रोखतात, स्नायू ताठ करतात, आणि दोन मिनिटांनी कशाकडे लक्ष देताय असं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. त्यांनी फक्त स्नायू आवळलेले असतात. वेलच्या मते लक्ष म्हणजे मन मोकळं करून समोरच्या गोष्टीसाठी जागा ठेवणं. तिथे आठी पडण्याचं कारण नाही.

आमच्या ऑफिसांत याची मोठ्यांसाठीची आवृत्ती चालू आहे. नावापुढे हिरवा ठिपका असला की माणूस कामात, पिवळा झाला की गेला कुठे. त्यावर उतारा म्हणून माउस आपोआप हलवत राहणारी छोटी यंत्रं बाजारात मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा आभास केल्याच्या कारणावरून डझनभर कर्मचारी काढले. कुणाची बाजू घ्यावी कळत नाही. एका बाजूला फसवणूक आहे खरी. पण जिथे ठिपक्याचा पगार मिळतो तिथे लोक ठिपकाच तयार करणार. माझ्या कामातल्या अवघड गाठी बऱ्याचदा खुर्ची सोडून चहाला गेल्यावर सुटतात, तेव्हा ठिपका पिवळा असतो.

भरकटणं हा लक्षाचा दोष आहे असं आपण धरून चालतो. विल्यम जेम्सनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितलं होतं की प्रयत्नपूर्वक दिलेलं लक्ष एका वेळी काही सेकंदांपलीकडे टिकतच नाही. आपण ज्याला सलग लक्ष म्हणतो ते पुन:पुन्हा परत आणलेलं लक्ष असतं. हे खरं असेल तर शिक्षकाचं काम मुलाला जाऊ न देणं हे नाही. परत यावंसं वाटेल असं काहीतरी फळ्यावर असणं, हे आहे.

इथवरचं मी एकदा मावशीला ऐकवलं. मावशी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, खिडकीबाहेर बघायची चैन तुला परवडली. तुझी आई रात्री बसून सगळं परत करून घ्यायची. माझ्या वर्गातल्या पोराला घरी विचारणारं कोण आहे? त्याला जे मिळायचं ते माझ्यासमोर. ते हुकलं की हुकलं. मी ओरडते ते माझ्यासाठी नाही ओरडत."

हा आक्षेप बाजूला सारण्यासारखा नाही. स्वैर मनाचं कौतुक करणारे बहुतेक लोक सुशिक्षित घरांतून आलेले असतात. वर्गात वाया गेलेली मिनिटं त्यांना शिकवणी, वडीलधारी माणसं, घरातलं पुस्तकांचं कपाट यांतून भरून मिळालेली असतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हा विमा नसतो. म्हणून त्याच्यासाठी वर्गातला वेळ हा न्यायाचा प्रश्न आहे. मोठ्यांनी लहानांवर त्यांच्याच पुढच्या भल्यासाठी थोडी सक्ती करावी, यालाही मी सरसकट नाही म्हणू शकत नाही. सात वर्षांच्या मुलाला पाढ्यांचं महत्त्व आधी पटेल आणि मग तो ते शिकेल, असं होत नसतं.

पण न्यायाचाच प्रश्न असेल तर देणेकरी कोण, ते कागदावर तपासू. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापन-तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास दिले आहेत. बेरीज केली तर आठ वर्षांचे ७००० तास होतात. हे तास मुलानं शाळेला द्यायचे नाहीत. शाळेनं मुलाला द्यायचे आहेत. शिक्षकानं वेळेवर यावं, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी, ही कर्तव्यंही त्याच कायद्यात आहेत. मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं हेही आहे. मुलानं लक्ष द्यावं असं कलम मात्र त्यात नाही. तो कायद्याचा विसरभोळेपणा नसावा.

आणि हे देणं फिटतं का? वर्गातला वेळ खरोखर कुठे जातो हे पाहण्यासाठी जेन स्टॉलिंग्ज या अमेरिकी संशोधक बाईंची एक पद्धत आहे. निरीक्षक तासाला ठरावीक अंतरानं दहा वेळा वर्गाचं शब्दांत छायाचित्र घेतो आणि शिक्षक काय करतोय, मुलं काय करताहेत याची नोंद करतो. जागतिक बँकेनं ती लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन भागातल्या सात देशांतल्या हजारो वर्गांत वापरली. २०१४ च्या अहवालानुसार यांतल्या एकाही देशात शिकवण्यात जाणारा वेळ सरासरीनं ६५ टक्क्यांच्या वर नव्हता. चांगल्या वर्गासाठी अपेक्षा होती ८५ टक्क्यांची. उरलेला वेळ हजेरी, फळा पुसणं, कागद वाटणं यांत गेला. काही वेळ तर शिक्षक वर्गातच नव्हते. खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलानं हा वेळ घालवलेला नाही. साधं गणित म्हणून, हेच प्रमाण आपल्या ७००० तासांना लावून पाहिलं तर कमी पडणारे तास १४०० होतात. सहावी ते आठवीतलं जवळजवळ दीड वर्ष. कुठल्या पोराच्या दिवास्वप्नानं इतकं नुकसान केलं असेल?

मावशीला दोष द्यायचा म्हणून मी हे सांगत नाही. त्याच कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक. म्हणजे चार किंवा पाच इयत्ता आणि दोन माणसं. ती तिसरीला शिकवते तेव्हा चौथी शेजारीच स्वाध्याय सोडवत बसलेली असते. चौथीत गेली की तिसरी थांबते. जनगणना आणि निवडणुकीची कामं तर कायद्यानंच शिक्षकांवर टाकता येतात. मावशीकडून मुलांचं देणं थकतं, कारण तिचं स्वतःचं येणं वरून आलेलं नाही. पण या साखळीच्या अगदी शेवटी मूल उभं आहे, आणि वसुलीची हाक नेमकी त्यालाच जाते.

म्हणून मला एक रेघ ओढावीशी वाटते. शाळेला मुलाकडून वर्तन मागायचा अधिकार आहे. गोंधळ करू नकोस, शेजाऱ्याची वही ओढू नकोस, दुसऱ्याच्या शिकण्याच्या आड येऊ नकोस. यासाठी सक्तीही करावी, कारण तिथे बाकीच्या मुलांचा वेळ पणाला लागलेला असतो. पण मुलाचं लक्ष हे त्याचं आतलं घर आहे. तिथे दार वाजवता येतं, झडती घेता येत नाही. कॅमेरा आणि कपाळाचा पट्टा ही झडती आहे. 'लक्ष कुठे आहे?' असं विचारून सगळ्यांसमोर उभं करणं ही तिचीच घरगुती आवृत्ती. ओरडल्यानं वर्तन मिळतं. लक्ष मिळाल्याचा भास होतो, तो स्नायूंचा असतो.

दार वाजवायचं कसं, याचे धडे आपल्याकडे आहेत. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागताना ही प्रौढी नाही, जवळिकीनं केलेली विनंती आहे, असंही सांगतात. सांगणाऱ्याकडे एवढं मोठं देण्यासारखं असूनही सूर विनवणीचा आहे. आणि अगदी व्यवहारातलं उदाहरण हवं असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जायची. ही मुलं शिक्षणाबद्दल बेफिकीर आहेत असा शेरा मारता आला असता. या बायकांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. मुलांचा वेळ जिथे होता तिथे त्या गेल्या.

ज्यांच्या पद्धतीवर ताराबाईंचं काम उभं होतं त्या मारिया माँटेसरींची रोममधली एक नोंद प्रसिद्ध आहे. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. माँटेसरींनी इतर मुलांना गायला लावलं. मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा झाल्यावर ती आपणहून थांबली, झोपेतून उठल्यासारखी ताजी. तिच्याकडे कुणीही लक्ष मागितलं नव्हतं. तिच्या हाताला बेताचं अवघड काम लागलं होतं, आणि ते पुरेसं होईपर्यंत कुणी घंटा वाजवली नाही.

मावशीला हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. कोसबाडची गोष्ट तिला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. ती म्हणाली, "एका वर्गात दोन इयत्ता बसवून दाखव म्हणावं त्या माँटेसरीबाईंना." पण थोड्या वेळानं तिनं सांगितलं, की हल्ली ती चौथीला स्वाध्याय देताना आधी तो स्वतः सोडवून बघते. फार सोपा असला तर दहा मिनिटांत संपतो, फार अवघड असला तर पहिल्याच गणिताला पोरं अडून बसतात. दोन्हीकडे उरलेला वेळ मुलं तिची वाट पाहत बसतात. "मग खिडकीबाहेर बघतील नाही तर काय करतील?" हे ती म्हणाली, मी नाही.

वाट पाहणं हा शब्द मला तेव्हापासून लक्षापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. वर्गातलं मूल पाळीची वाट पाहतं, फळा भरायची पाहतं, वही तपासून मिळायची पाहतं, बाकीच्यांचं आटपायची पाहतं. हा वेळ मोजता येतो, आणि तो मोजायला कुणाच्या कपाळाला पट्टा बांधावा लागत नाही. घड्याळ पुरतं. त्याचा जबाब मुलाकडे मागता येत नाही, मोठ्यांनाच द्यावा लागतो. म्हणून तर तो कुणी मोजत नसावं. शाळेतून आलेल्या मुलाला 'आज लक्ष होतं ना?' असं आपण विचारतो. एकदा 'आज कशाकशासाठी थांबावं लागलं?' असं विचारून पाहावं. या प्रश्नाचं उत्तर त्याला नक्की माहीत असतं, आणि ते देताना त्याला मान खाली घालावी लागत नाही.